वाढीच्या वयातला बाक

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि त्याआधी नागपूरच्या टेलरांकडे गणवेशाची मापे द्यायला गर्दी होते. एक खांदा उंच, कमरेची एक बाजू जास्त आत, हे कधीकधी आईच्या आधी टेलरच्याच लक्षात येते. घरी मग दोष दप्तराला आणि पोक काढून बसण्याला दिला जातो.

तो बहुधा चुकीचा असतो. कणा एका बाजूला १० अंशांहून जास्त वळला की डॉक्टर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. किशोरवयात शंभरातल्या दोन-तीन मुलांत तो सापडतो आणि बहुतेकांत कारण कळत नाही. बाक मोठा होण्याचा धोका मुलींना अधिक. कणा नुसता कलत नाही, पिळतोही. त्यामुळे मूल कमरेतून पुढे वाकले की पाठीची एक बाजू उंचावते. ही साधी तपासणी घरीही करता येते.

नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या अस्थिरोग ओपीडीत पुढची पायरी म्हणजे उभ्याने काढलेला एक्स-रे. पाळी कधी सुरू झाली, हा प्रश्नही डॉक्टर विचारतात. उंची किती वाढायची बाकी आहे, याचा अंदाज त्यातून येतो. वाढ जितकी शिल्लक, तितका बाक वाढण्याचा धोका मोठा.

छोट्या बाकावर फक्त लक्ष ठेवतात. साधारण २५ ते ४० अंशांचा बाक असेल आणि मूल वाढत असेल, तर ब्रेस, म्हणजे धडाला घट्ट बसणारे प्लास्टिकचे कवच, देतात. ब्रेस कणा सरळ करत नाही. बाक वाढू देत नाही. अमेरिका आणि कॅनडातील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. ब्रेस घेतलेल्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसते लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. ब्रेस खरोखर किती तास घातला हे कळावे म्हणून त्यात तापमान नोंदवणारे यंत्र बसवले होते. रोज सरासरी १३ तास ब्रेस घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांवर गेले.

नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, अंगाला घट्ट बसणारे प्लास्टिक इतके तास घालणे ही परीक्षाच. आत शिवण नसलेला सुती बनियन, घामाने भिजला की लगेच दुसरा, आणि त्वचा लाल राहिली तर ब्रेस बनवणाऱ्याकडे फेरी. रात्री कूलरसमोर झोपताना तास भरून निघतात.

बाक ५० अंशांपलीकडे गेला, तर वाढ थांबल्यावरही तो हळूहळू वाढू शकतो. अशा वेळी स्क्रू आणि सळ्या बसवून मणके एकमेकांना जोडण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते. शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूचे संदेश यंत्रावर तपासत राहतात.

‘लग्न कसे जुळेल’ या धास्तीने बाक लपवणाऱ्या घरांसाठी अमेरिकेतल्या आयोवातला २००३ चा अभ्यास उपयोगी आहे. उपचार न घेतलेल्या रुग्णांना तिथे ५० वर्षांनी तपासले. पाठदुखी आणि दिसण्याबद्दलची खंत त्यांच्यात जास्त होती, पण बहुतेक जण आपापले कामधाम नीट करत होते.