एक वर्ग, अनेक पायऱ्या

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेसारख्या गावातील चौथीचा वर्ग घ्या. कोणी हातच्याची बेरीज सफाईने करतो, तर कोणी अद्याप दशक-एककातच अडखळतो. शिक्षक एक, फळा एक आणि धडाही एकच. अशा वर्गात संगणकाचा खरा उपयोग कोणता?

या बाबतीत वडोदऱ्याचा अनुभव बोलका आहे. गुजरात शासनाने तेथील महानगरपालिकेच्या शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. मुंबईत स्थापन झालेल्या 'प्रथम' संस्थेने २००२ ते २००४ या काळात ते चौथीच्या मुलांसाठी उपयोगात आणले. आठवड्यातून दोन तास, एका संगणकापुढे दोन मुले आणि गणिताचे खेळ. मुलाच्या उत्तरांनुसार उदाहरणे सोपी वा अवघड होत. गणितात लक्षणीय प्रगती झाली; मात्र उपक्रम थांबल्यावर वर्षभरात हा लाभ बराच ओसरला, हेही नमूद केले पाहिजे.

याचे कारण उघड आहे. यंत्र सराव करवून घेते, समजावून देत नाही. चार संगणकांवर आठ मुले गुंतली की अडखळणाऱ्यांना जवळ बसवून, दहा काड्यांची जुडी हाती देऊन दशक शिकविण्यास शिक्षकाला सवड मिळते. हाताने शिकण्याचा हा विचार वर्ध्याला नवा नाही. १९३७ ची शिक्षण परिषद येथेच भरली होती.

गट मात्र कायमचे ठरवू नयेत. दर पंधरवड्यास छोटी चाचणी घेऊन ते बदलावेत. बेरजेत मागे असलेला मुलगा वाचनात पुढे असू शकतो.