केसपेपर बदलताना माणसे सांभाळूया

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा आपल्या अनेक पेढ्यांनी एक गोष्ट अनुभवली. संगणक विकत आणणे हे एका दिवसाचे काम होते. परंतु रोकडवही आणि खतावणीवर हात बसलेल्या मुनीमजींना त्याच्यासमोर निश्चिंत मनाने बसवायला काही महिने लागले. ज्या पेढीने त्या काळात त्यांच्यावर राग न काढता शेजारी एक जाणकार माणूस बसवला, तिचे हिशेब लवकर मार्गी लागले. आज रुग्णालयांसमोर तोच प्रसंग उभा आहे. फरक इतकाच, की हिशेबातील चूक दंड भरून निस्तरता येते. औषधाच्या नोंदीतील चूक नेहमीच निस्तरता येते असे नाही.

ही नोंद कोणासाठी?

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झाले. रुग्णाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळावा आणि त्याच्या संमतीने त्याची आरोग्यनोंद एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात पाहता यावी, हा त्यामागील हेतू आहे.

याचे मोल समजण्यासाठी गुजरातला लागून असलेल्या नंदुरबार तालुक्यातील धानोऱ्यासारख्या गावाकडे पाहावे. या जिल्ह्यातील कित्येक आदिवासी कुटुंबे हंगामात ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. अशा कुटुंबातील गरोदर स्त्रीची पहिली नोंद गावच्या आरोग्यसेविकेकडे, रक्ततपासणी दुसरीकडे आणि बाळंतपण तिसरीकडे, असे सहज घडते. या भागात सिकलसेल आजार आढळतो. ती स्त्री सिकलसेलग्रस्त असेल, तर ही एक ओळ समोरच्या डॉक्टरांना वेळेवर दिसणे अत्यंत निकडीचे असते. भिजलेला किंवा हरवलेला कागद ती ओळ सांगू शकत नाही.

पण ती ओळ कोणीतरी भरावी लागते. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. क्रमांक देण्याचा समारंभ एका दिवसात होतो. त्या क्रमांकामागची माहिती रोज, अचूक भरण्याचे काम मात्र वर्षानुवर्षे चालते. रुग्णालयात ते काम परिचारिकेच्या, औषधनिर्मात्याच्या आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाच्या हातून होते. तेही दारात रुग्णांची रांग उभी असताना.

अडचण बुद्धीची नव्हे, वेळेची

नवी प्रणाली आली की सुरुवातीला काम मंदावते. हा आपल्याकडच्या कर्मचाऱ्यांचा दोष नव्हे. डेन्मार्कसारख्या संपन्न देशात २०१६ मध्ये हेर्लेव्ह येथील रुग्णालयापासून नवी प्रणाली सुरू झाली, तेव्हा तेथील डॉक्टरांनीही काम वाढल्याच्या आणि गती मंदावल्याच्या तक्रारी केल्या होत्या.

आपल्या राज्याचा अनुभवही बोलका आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील जुनी संगणकप्रणाली २०२२ मध्ये बंद झाली आणि कर्मचाऱ्यांना पुन्हा हाताने केसपेपर लिहावे लागले. पुढे ‘ई-हॉस्पिटल’ ही प्रणाली आली आणि त्याच माणसांना पुन्हा नव्याने शिकावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयाला अनेक दिवस कागदावर काम चालवावे लागले. म्हणजे संगणक शिकवायचा, आणि तो बंद पडल्यावर काय करायचे हेही शिकवायचे, दोन्ही आवश्यक.

विश्वस्तांनी काय करावे?

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. प्रणाली खरेदीचा ठराव करताना पुढील गोष्टींचाही विचार व्हावा.

पहिली, प्रणाली निवडण्यापूर्वी वॉर्डातील परिचारिकेला ती हाताळून पाहू द्यावी. यादीत सारख्या नावाची दोन औषधे एकाखाली एक आली तर चूक कशी होते, हे तिलाच प्रथम कळते.

दुसरी, सुरुवातीचे काही आठवडे बाह्यरुग्ण विभागातील नियोजित तपासण्या कमी ठेवाव्यात किंवा जादा मनुष्यबळ द्यावे. तातडीचा रुग्ण मात्र कधीही परत जाऊ नये.

तिसरी, प्रत्येक पाळीत, विशेषतः रात्रपाळीत, एक जाणकार सहकारी मदतीला असावा आणि त्या वेळी त्याच्यावर दुसरे काम नसावे. दुपारच्या एका व्याख्यानाने शिक्षण पूर्ण होत नाही. रात्री दोन वाजता दाखल झालेल्या रुग्णाची नोंद अडते, तेव्हा ते खरे सुरू होते.

चौथी, वही आणि संगणक अशी दुहेरी नोंद किती दिवस चालेल, याची तारीख आधीच जाहीर करावी. शेवट ठाऊक नसलेले दुप्पट काम माणसाला खचवते. त्यानंतरही संगणक बंद पडल्यास वापरायचे कोरे नमुने प्रत्येक वॉर्डात ठेवावेत आणि त्यांचा अधूनमधून सराव घ्यावा.

पाचवी, घाईच्या वेळी एकाच्या पासवर्डवर चौघांनी काम करू नये, हे धमकावून न सांगता समजावून सांगावे. नोंद कोणी केली हे कळले नाही, तर चुकीचा दोष निरपराध माणसावर येतो. चूक स्वतःहून सांगणाऱ्याला शिक्षेची भीती वाटू नये, कारण लपलेली चूक रुग्णाला भोवते.

आपल्याकडे यंत्रासाठी देणगी देणारे हात उदार आहेत. यंत्रावर नावाची पाटी लागते, प्रशिक्षकाच्या पगारावर ती लागत नाही. तरीही यापुढे संगणकासाठी देणगी देताना, त्याच रकमेतील काही भाग कर्मचाऱ्यांच्या शिक्षणासाठी आणि पहिल्या सहा महिन्यांच्या जादा मनुष्यबळासाठी राखून ठेवावा, अशी अट दात्यानेच घालावी. ऊसतोडीहून परतलेल्या एखाद्या मातेची नोंद पडद्यावर योग्य वेळी उमटली, तर त्या देणगीचे चीज झाले असे समजावे.