कुशल कामगाराची घुसमट आणि ख्रिस्तसभेची शिकवण

जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथात, ३८व्या अध्यायात, कारागिरांचे मोठे जिवंत वर्णन आहे. मुद्रा कोरणारा, भट्टीच्या धगीने होरपळत ऐरणीपाशी बसलेला लोहार, पायाने चाक फिरविणारा कुंभार. अशा लोकांवाचून कोणतेही नगर वसू शकत नाही, असे ग्रंथकार सांगतो आणि त्याच ओघात नोंदवितो, की नगराच्या सभेत मात्र त्यांना कोणी पाचारण करीत नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांत आजही पडताळून पाहता येते.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण आयटीआयचे शिक्षण घेऊन टर्नर, फिटर, वेल्डर म्हणून अशा कारखान्यांत काम करतात. संध्याकाळी घरी परतल्यावर त्यांची चिडचिड कुटुंबाला दिसते, तिचे कारण दिसत नाही. पगार कमी आहे एवढेच ते कारण नसते. लेथचा बेड चकजवळ झिजलेला असतो, त्यामुळे लांब जॉबला टेपर येतो. टर्नरला हे मायक्रोमीटर लावण्याआधीच ठाऊक असते. तो सुपरवायझरला सांगतो. ‘आज माल जायला हवा, चालवून घे,’ असे उत्तर मिळते. आठवड्याने माल परत येतो आणि रिजेक्शन टर्नरच्या नावावर लिहिले जाते. जाण त्याची, जबाबदारीही त्याची, पण निर्णय दुसऱ्याचा. कुशल कामगाराच्या घुसमटीचे मर्म आमच्या मते येथे आहे. अकुशल माणसाला काम जड जाते. कुशल माणसाला काम बिघडताना पाहणे जड जाते.

कधी कधी प्रश्न केवळ मालाचा राहत नाही. पॉवर प्रेसला दोन्ही हातांची बटणे असतात, ती हात डायखाली जाऊ नये म्हणून. उत्पादन वाढविण्यासाठी त्यातले एक बटण दाबून बांधून ठेवले जाते. त्याला हरकत घेणारा ‘कटकट्या’ ठरतो आणि बोट गेल्यावर ‘निष्काळजी’ही तोच ठरतो.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ हे परिपत्रक काढले. तरुणपणी दगडखाणीत आणि रासायनिक कारखान्यात राबलेल्या माणसाने ते लिहिले आहे, हे वाचताना जाणवते. श्रमिकाला केवळ योग्य वेतन देऊन भागत नाही. सामाईक कामातही आपण स्वतःसाठी काम करीत आहोत, ही जाणीव त्याला लाभली पाहिजे, असे ते बजावतात. आपण वरून हलविल्या जाणाऱ्या अवाढव्य यंत्राचा एक दाता आहोत, असे वाटू लागले की माणसाची हानी होते. म्हणजे ज्याला आपण स्वभावदोष किंवा ताण म्हणून बाजूला सारतो, त्याला ख्रिस्तसभा न्यायाचा प्रश्न मानते.

याच परिपत्रकात ‘प्रत्यक्ष मालक’ आणि ‘अप्रत्यक्ष मालक’ असा भेद केलेला आहे. गाळ्याचा शेठ हा प्रत्यक्ष मालक. परंतु त्याला दर आणि मुदत ठरवून देणारी मोठी कंपनी, बाजार, शासनाची धोरणे हे सारे अप्रत्यक्ष मालक होत. सुपरवायझर ओरडतो तेव्हा त्याच्यावरही कोणी ओरडलेले असते. निर्गमच्या ५व्या अध्यायात हेच चित्र आहे. फारोने विटांसाठी गवत देणे बंद केले, विटांची संख्या मात्र तीच ठेवली. ती भरली नाही तेव्हा मार खाल्ला तो इस्राएली नायकांनी, आणि त्या नायकांनी राग काढला तो मोशे व अहरोनावर. फारो सुरक्षित राहिला. हे ओळखल्याने सुपरवायझरची अरेरावी क्षम्य ठरत नाही, पण राग योग्य दिशेला वळू शकतो.

सहकाऱ्यांविषयीची तक्रार याहून नाजूक असते. जुना कारागीर मशीनचे सेटिंग करताना नवख्याला चहा आणायला पाठवितो, ही गोष्ट कारखान्यांत सर्वांना ठाऊक आहे. त्यामागे दुष्टपणापेक्षा भीती अधिक: हा पोरगा शिकला, की कमी पगारात माझ्या जागी उभा राहील. भीती निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तरीही निर्गमच्या ३५व्या अध्यायातील बसालेलची आठवण करून द्यावीशी वाटते. सोने, रुपे, पितळ घडविण्याचे कसब त्याला देवाच्या आत्म्याने दिले, आणि त्यासोबतच इतरांना शिकविण्याची बुद्धीही दिली, असे तेथे म्हटले आहे.

‘धीर धरा, प्रार्थना करा’ हा सल्ला खरा आहे, परंतु अपुरा आहे. लाबानाने दहा वेळा वेतन बदलल्याची तक्रार याकोबाने आधी आपल्या पत्नींजवळ केली. पुढे लाबानाच्या तोंडावर त्याने वीस वर्षांच्या चाकरीचा हिशेब मांडला. पवित्र शास्त्र त्याला कुरकुऱ्या म्हणत नाही.

संत जॉन बॉस्को यांनी तर याहून व्यवहारी मार्ग धरला. तुरिनमधील उमेदवार मुलांना मालक मारतात, घरकामाला जुंपतात, हे पाहून त्यांनी १८५१-५२ मध्ये मालकांशी लेखी करार केले. मुलाला ठरावीक मुदतीत कसब शिकवावे, त्याच्या धंद्याबाहेरचे काम देऊ नये, चूक झाल्यास शब्दांनीच समज द्यावी, सणवारी सुटी द्यावी. स्वतः संतांनी त्या कागदांवर सही केली.

आपल्या कामगारांनीही कागदाचे महत्त्व ओळखावे. यंत्रातील दोष तोंडी न सांगता तारखेसह लिहून द्यावा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. तीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान, एकूण दहापर्यंत असतात. तक्रार एका वर्षाच्या आत करावी लागते, समितीने तीस दिवसांत कार्यवाही पूर्ण करावयाची असते. आणि कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिक जणांची संमती असल्याखेरीज समितीचा निर्णय होऊ शकत नाही. सिराखच्या काळी सभेबाहेर राहिलेल्या कारागिराला येथे कायद्याने आसन दिले आहे.

लहान गाळ्यांत, जेथे सात-आठच माणसे असतात, तेथे ही समिती बंधनकारक नाही, आणि आपली बरीच मुले तेथेच आहेत. त्यांच्यासाठी सरकारी कामगार अधिकाऱ्याचे दार आहे. पण अर्ज लिहायला, सोबत जायला कोणीतरी लागते. धर्मग्रामातील निवृत्त कामगार आणि वकील मंडळींनी १ मेच्या श्रमिक संत योसेफ सणाची वाट न पाहता महिन्यातून एक रविवार मिस्सानंतर तासभर सभागृहात बसावे, अशी आमची सूचना आहे.