वाटणाऱ्याचा पेला शेवटी

शनिवारचे तास संपले की आमच्या स्टाफरूमचा सूर बदलतो. कुणाला घरी जाऊन आलं घातलेला चहा हवा असतो, कुणाला बसस्टँडजवळचा उसाचा रस, कुणाला गच्चीवर बसून गार पन्हं. आठवड्याचा शीण उतरवणारं प्रत्येकाचं एक ठरलेलं पेय असतं. परवा एका सहकारी मॅडमनी विचारलं, "रमजानमध्ये तुमचं कसं हो? दिवसभर पाण्याचा थेंब नाही, मग शनिवारची मजा ती काय?" मी म्हटलं, "मॅडम, या महिन्यात आमच्याकडे रोजच शनिवार असतो." सगळे हसले. पण हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

आठवडा सगळीकडे एकाच दिवशी संपत नाही. मालेगावात, भिवंडीत यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. तिथल्या कामगाराची 'शनिवार रात्र' म्हणजे गुरुवारची, उर्दूत जुमेरातची रात्र. माग थांबले की कानातली खडखड हळूहळू ओसरते आणि चहाच्या हॉटेलांत बाकं भरतात. रमजान लागला की हाच चहा तरावीहच्या नमाजनंतर, रात्री उशिरा सरकतो. वार कुठलाही असो, दिवसाच्या विसाव्याची वेळ मात्र या महिन्यात सगळ्यांची एकच होते : मगरिबची अजान.

रमजान चांद्र महिना असल्यामुळे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आपल्या भागात हिवाळ्यातला रोजा बारा तासांहून थोडा अधिक, तर जूनमधला चौदा तासांच्या पुढचा. त्यानुसार दस्तरखानावरची पेयंही बदलतात. थंडीत गरम दुधाला आणि चहाला मान. उन्हाळ्यात लिंबू, सब्जा, कैरीचं पन्हं आणि कोकणातून आलेल्या पाहुण्याने आणलं असेल तर कोकम. पण पहिला मान नेहमी खजुराचा आणि साध्या पाण्याचा. तेही घटाघटा नाही. बसून, तीन श्वासांत, थांबत थांबत प्यावं ही पैगंबर साहेबांची शिकवण. दिवसभराच्या तहानेनंतर तो पहिला घोट कोरड पडलेल्या घशातून उतरताना अक्षरशः कळतो. एरवी आपण पाणी पितो. त्या क्षणी ते आपल्याला समजतं.

त्यानंतर येतं सरबत. हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो परका वाटतच नाही. उर्दूत 'शरबत', मराठीत 'सरबत'. मूळ अरबी धातूचा अर्थ 'पिणे'. गंमत म्हणजे 'शराब' हा शब्दही त्याच धातूतून आला. एकाच घरातली दोन भावंडं, एक सगळ्या दस्तरखानांवर बसतं आणि दुसऱ्याला तिथे प्रवेश नाही.

इफ्तारचं लाल सरबत म्हटलं की सगळ्यांना रूह अफजाची बाटली आठवते. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी 1906 साली दिल्लीत 'हमदर्द' दवाखाना सुरू केला आणि पुढच्याच सुमारास उन्हाच्या तडाख्यावर उतारा म्हणून हे सरबत तयार केलं. 1922 मध्ये हकीमसाहेब वारले. थोरला मुलगा अब्दुल हमीद जेमतेम चौदाच्या घरात, धाकटा मोहम्मद सईद दोन वर्षांचा. अशा वेळी त्यांच्या पत्नी राबिया बेगम यांनी घर आणि हमदर्द दोन्हींचा डोलारा सावरला. फाळणीनंतर धाकटे सईद 1948 मध्ये कराचीला गेले, थोरले दिल्लीतच राहिले. आज भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश या तिन्ही देशांत ही बाटली इफ्तारला उघडते. दोन्ही हकीम भावांची नावं लोकांना ठाऊक असतात. राबिया बेगम यांचं नाव क्वचितच कुणी घेतं.

मला जे म्हणायचं आहे, ते इथूनच सुरू होतं. पेल्यामागचा हात सहसा दिसत नाही.

हदीसमध्ये एका प्रवासाचा प्रसंग आहे. काफिल्यात पाणी अगदी थोडं उरलं होतं आणि माणसं तहानेने व्याकूळ झाली होती. पैगंबर साहेब स्वतः पाणी ओतत होते आणि त्यांचे साथी अबू कतादा ते एकेकाला नेऊन देत होते. सगळ्यांचं पिऊन झालं, दोघेच उरले. पैगंबर साहेबांनी अबू कतादांना आधी प्यायला सांगितलं. 'आपल्या आधी मी कसा पिऊ?' म्हणून ते संकोचले. तेव्हा पैगंबर साहेबांनी सांगितलं की, जो लोकांना पाजतो त्याने सर्वांत शेवटी प्यायचं असतं. आणि ते स्वतः शेवटी प्याले.

मराठवाड्याला हा प्रसंग फोड करून सांगायची गरज नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्याच वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात रमजान लागला. तहान काय असते हे त्या साली रोजा नसणाऱ्यांनाही पुरतं ठाऊक होतं. आपल्याकडे पाणपोई आहे, मोहरमच्या दिवसांत सबील लागते. दोन्हींचा नियम तोच : आधी वाटसरू, मग वाटणारा.

आता हाच नियम घरात लावून पाहू. इफ्तारच्या आधीचा तास आठवा. बाहेर पुरुष मंडळी हातपाय धुऊन टोप्या घालून बसलेली, मुलं घड्याळाकडे डोळे लावून. आत अम्मी, भाभी, आपा भजी तळताहेत, फळं चिरताहेत, सरबत ढवळताहेत. त्यांचाही रोजाच असतो, म्हणजे मीठ-साखर सहसा चाखूनही पाहत नाहीत, अंदाजावरच सगळं. अजान होते, सगळ्यांच्या ओठांना पेला लागतो, तेव्हा एक जण अजून गॅसजवळ असते. "तुम्ही घ्या, मी आलेच." हे वाक्य मी लहानपणी दादीच्या तोंडून ऐकलं, मग अम्मीच्या, आणि आता कॉलेजातून धावत घरी पोचल्यावर माझ्याच तोंडून ऐकते. ते फक्त मुस्लिम घरातलंही नाही. दिवाळीच्या फराळाला, गणपतीच्या पंगतीला, शनिवारच्या निवांत चहालाही ते आपल्या सगळ्यांच्या घरात रोज ऐकू येतं.

शेवटी पिण्यात मोठेपणा आहे, हे खरंच. पण त्या प्रवासात शेवटी प्याले ते काफिल्याचे प्रमुख. घराघरांत मात्र हा मोठेपणा एकाच व्यक्तीच्या वाट्याला बाराही महिने आला, तर त्याला सेवा म्हणायचं की सवय? मोठेपणाची पाळी बदलायला हवी. विसावा सगळ्यांना हवा असतो आणि तो कुणीतरी उभं राहिल्याशिवाय कुणाला मिळत नाही.

म्हणून या शनिवारी एक करा. घरातल्या पुरुषांनी किंवा मोठ्या मुलांनी सरबताची जबाबदारी घ्यावी. ज्यांना चहाची साखर कुठल्या डब्यात असते हेही ठाऊक नाही, त्यांनाही जमेल असं साधं सरबत सांगते. एक मोठा चमचा सब्जा कपभर पाण्यात वीस मिनिटं भिजत घाला. दोन रसरशीत लिंबं, सहा-सात चमचे साखर, चिमूटभर मीठ, लिटरभर माठातलं पाणी. साखर विरघळेपर्यंत ढवळा, मग फुगलेला सब्जा घाला. चार-पाच पेले होतात. शेजारच्या घरी एक पाठवायचा असेल तर लिंबू आणखी एक.

अजान व्हायच्या पाच मिनिटं आधी गॅस बंद करा. जी रोज शेवटी बसते तिला आधी बसवा, पहिला पेला तिच्या हातात द्या. "मी आलोच" हे वाक्य त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी म्हणावं. आणि ज्याने म्हटलं, त्याने सगळ्यांचं झाल्यावर, भांड्याच्या तळाशी राहिलेलं सब्जाचं दाट सरबत शांतपणे प्यावं. तेच सगळ्यात गोड असतं. तळाशी साखर उरते म्हणून, आणि इतरही एका कारणाने.