दोनच खोकी आणि मधली खुर्ची

"बाई, आमच्या घरी गाणं अर्धंच वाजतं!"

मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा रडवेला होऊन सांगत होता. दिवाळीत तो मामाकडे गेला होता. मामाच्या खोलीत समोर तीन स्पीकर, मागे दोन, शिवाय कोपऱ्यात धडधडणारं एक मोठं खोकं. गाण्यातला पाऊस म्हणे चहूबाजूंनी पडत होता! घरी मात्र बाबांची जुनी दोन खोकी. तेच गाणं लावलं, तर गाणारी बाई कुठे उभी आहे तेच कळेना.

"बाबा म्हणतात, हप्त्यावर नवा सेट घेऊ. आई म्हणते, आधी ताईची फी. मग दोघं बोलतच नाहीत."

मुलांनो, त्याला मी जे फळ्यावर काढून दाखवलं, ते तुम्हीही ऐका.

मामाकडच्या रचनेला '५.१' म्हणतात. पाच स्पीकरचे पाच मार्ग, आणि '.१' म्हणजे खर्जातल्या धडधडीसाठी एक जादा मार्ग. असं गाणं दोन स्पीकरवर लावलं, की यंत्र त्याची घडी घालतं. आजीचं नऊवारी लुगडं घडी घातल्यावर ट्रंकेत मावतं ना, तसंच! मधल्या स्पीकरचा आवाज साधारण ०.७ पट करून डाव्या-उजव्या दोघांतही मिसळतात. मागच्या डाव्याचा समोरच्या डाव्यात, मागच्या उजव्याचा उजव्यात. '.१'चा मार्ग बहुतेक वेळा गाळतात; पण ढोलाचा खर्ज बाकीच्या मार्गांतही असतोच. २०१२ साली आलेल्या 'डॉल्बी अ‍ॅटमॉस' पद्धतीत तर आवाजासोबत त्याची जागाही नोंदवता येते. मग घरात जेवढे स्पीकर असतील, त्याप्रमाणे यंत्रच वाटणी करतं.

मग मधला स्पीकर नसताना गाणारी बाई मधोमध कशी येणार? इथेच आपल्या मेंदूची गंमत आहे! उजवीकडून कुणी हाक मारली, तर ती उजव्या कानाला आधी पोचते. डाव्या कानाला उशीर होतो, पण किती? सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी! तेवढ्यावरून आणि आवाजाच्या लहान-मोठेपणावरून मेंदू दिशा ओळखतो. दोन्ही स्पीकरमधून अगदी सारखा आवाज आला, तर फरकच उरत नाही. मग मेंदू म्हणतो, "हा तर माझ्या समोर, मधोमध!"

अ‍ॅलन ब्लूमलाइन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ साली अशा दोन मार्गांच्या आवाजाच्या पेटंटसाठी अर्ज केला. सिनेमात नट पडद्याच्या एका टोकाला नि आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं होतं, असं सांगतात.

रविवारी मी त्या मुलाच्या घरी गेले. एक खोकं कपाटावर, दुसरं पलंगाखाली! बाबांनी दोन्ही एकाच उंचीवर, दोन मीटर अंतरावर मांडली. दोन्हींपासून दोन-दोन मीटरवर एक खुर्ची ठेवली. झाला सारख्या बाजूंचा त्रिकोण! तरी गाणं विरघळल्यासारखंच. मग खोक्यांच्या मागे पाहिलं. एका खोक्याच्या तारा उलट जोडलेल्या, लाल जागी काळी नि काळ्या जागी लाल. त्यामुळे एका स्पीकरचा पडदा हवा पुढे ढकलायचा, तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढायचा. दोघांत सारखा असलेला आवाज, म्हणजे नेमका मधला, असा विस्कटतो. खर्जही पडतो.

बाबांनी यंत्र बंद केलं, प्लग काढला, तारा सरळ केल्या. गाणं पुन्हा लावलं. मुलाने खुर्चीत बसून डोळे मिटले आणि समोर, जिथे नुसती भिंत होती, तिकडे बोट केलं. "बाई, ती इथे उभी आहे!"

"आणि पाऊस?" मी विचारलं.

त्याने कान टवकारले. "पाऊस आहे. पण मागे नाही पडत."

खरं आहे. मागची दिशा घडीत हरवते. दोन्ही स्पीकर समोर असले, की आवाजही समोरच्या बाजूने येतो. मामाच्या खोलीतली ती गंमत इथे नाहीच. पण पावसाचे थेंब, तबला, गाणाऱ्या बाईचा श्वास सगळं होतं. बाबा बराच वेळ गप्प बसून ऐकत होते. मग आईकडे बघून म्हणाले, "फी भरून टाकू उद्या."

पालकहो, नवं काही घेण्याआधी खोक्यांची जागा आणि तारांचे रंग एकदा बघाच. मुलांनो, तारांना हात मात्र मोठ्यांनीच लावायचा, तोही प्लग काढून!

परवा तो मुलगा पुन्हा तक्रार घेऊन आला. "बाई, घरी आता मधल्या खुर्चीसाठी भांडण होतं. आजी उठतच नाही!"