घर विकलं, आता भाडेकरू कुणाचा?

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोघांचे अंगठे उमटतात, कॅमेऱ्यासमोर फोटो निघतात, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला ओट्यापाशी कांदा चिरत असलेल्या बाईंचा घरमालक बदलतो. त्यांना कुणी विचारलेलं नसतं, त्यांची सहीही लागलेली नसते. मग पुढच्या महिन्याचं भाडं कुणाला द्यायचं? डिपॉझिट कुणाकडे मागायचं? आणि नवा मालक म्हणाला, "महिनाअखेर जागा रिकामी करा," तर?

हा पेच फार जुना आहे. रोमन कायद्यात त्याचं उत्तर भाडेकरूच्या विरोधात जायचं. करार झाला तो जुन्या मालकाशी. घर विकत घेणाऱ्यावर त्याचं बंधन नाही. त्याने बाहेर काढलं, तर जुन्या मालकाकडे भरपाई मागत बसायचं. जर्मनीच्या नागरी संहितेने १९०० सालापासून नेमकं उलटं धरलं: घर विकलं म्हणून भाडेकरार मोडत नाही, घेणाऱ्याने भाडेकरूसकट घ्यायचं. म्हणजे सगळं येऊन ठेपतं ते एका प्रश्नावर. राहणाऱ्याचा हक्क माणसाला बांधलेला की वास्तूला?

आपल्याकडची गंमत अशी, की इथे दोन्ही उत्तरं कायद्यात आहेत. तीही एकाच वर्षीच्या, लागोपाठ क्रमांकाच्या दोन कायद्यांत.

१८८२ चा कायदा क्रमांक ४ म्हणजे मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या लेखी भाडेपट्टा हा नुसता करार नाही. मालक जागा वापरण्याचा हक्कच मुदतीपुरता भाडेकरूच्या हाती देतो. नंतर घर विकताना त्याच्याकडे जे उरलं असेल तेवढंच तो विकू शकतो, आणि घेणाऱ्यालाही तेवढंच मिळतं. म्हणून भाडेकरू घराबरोबर नव्या मालकाकडे जातो, त्याच भाड्यावर, त्याच अटींवर.

याच कायद्याचं कलम १०९ सावकाश वाचण्यासारखं आहे. वेगळा करार नसेल, तर नव्या मालकाला जुन्याचे सगळे हक्क मिळतात. पण जुन्या मालकाच्या जबाबदाऱ्या? त्या नव्यावर टाकायच्या की नाही, हे भाडेकरूने ठरवायचं! तो नव्याला जबाबदार धरत नाही, तोवर केवळ घर विकलं म्हणून जुना मालक मोकळा होत नाही. पुढे आणखी दोन तरतुदी आहेत. विक्रीआधी थकलेलं भाडं केवळ घर घेतल्याच्या जोरावर नव्या मालकाला मागता येत नाही. आणि विक्रीचा सुगावाही नसताना भाडेकरूने जुन्याच मालकाला भाडं दिलं, तर ते दुसऱ्यांदा द्यावं लागत नाही. ज्या व्यवहारात आपण नव्हतोच त्याचा भुर्दंड आपल्यावर पडू नये, याची काळजी सव्वाशे वर्षांहून आधी कुणीतरी घेऊन ठेवली आहे.

आता त्याच वर्षीचा कायदा क्रमांक ५ पाहा, सुविधाधिकार कायदा. यात 'लायसन्स' येतं, म्हणजे निव्वळ परवानगी. ती नसती तर तुमचं तिथे असणं बेकायदा ठरलं असतं, एवढंच तिचं काम. जागेत तुमचा कसलाही हितसंबंध तयार होत नाही. मग कलम ५९ एका वाक्यात निकाल लावतं: परवानगी देणाऱ्याने जागा विकली, तर ती परवानगी नव्या मालकावर बंधनकारक नाही. तरी राहणारा अगदीच वाऱ्यावर नाही. परवानगी काढून घेतली, तरी निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा त्याला हक्क आहे. पैसे मोजून घेतलेली परवानगी देणाऱ्यानेच, राहणाऱ्याची काही चूक नसताना, मुदतीआधी मोडली तर भरपाईही मागता येते.

महाराष्ट्रात आज बहुतेक फ्लॅट 'लीव्ह अँड लायसन्स'वर दिले जातात, म्हणजे दुसऱ्या प्रकारात. त्याला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिलं, तेव्हा मालकांनी परवानगीची वाट धरली. मग सरकारने कायद्यात दुरुस्ती केली, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत असलेले लोक एका फटक्यात भाडेकरू मानले गेले. तारीख उलटल्यावर आलेल्यांच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही.

कागदावर 'लायसन्स' लिहिलं की विषय संपला, असंही नाही. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलात एक केशकर्तनकार क्लोकरूमच्या जागेत धंदा करत होता. दस्तात त्याला परवानाधारकच म्हटलेलं होतं. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटलं, की नाव काहीही असो, खरा व्यवहार काय झाला ते पाहायचं. आणि हा व्यवहार भाडेपट्ट्याचा आहे. महाराष्ट्रात मात्र राहत्या घराच्या लेखी लायसन्सला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वेगळं वजन दिलंय: त्यात लिहिलेली वस्तुस्थिती निर्णायक पुरावा मानली जाते. असा करार नोंदवणंही सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. '११ महिन्यांचाच तर आहे, नोंदणी कशाला?' हे इथे चालत नाही.

दुसऱ्या टोकाला मुंबईतल्या पागडीच्या, म्हणजे आधी एकरकमी पैसे मोजून भाड्याने घेतलेल्या खोल्यांच्या, चाळी. तिथे अख्खी इमारत विकली जाते, ती आतल्या सगळ्या बिऱ्हाडांसकट. घेणाऱ्याच्या हाती येतो तो भाडं घेण्याचा हक्क. खोली हवी असेल तर त्याला भाडे नियंत्रण कायद्यातलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं, 'मी आता मालक आहे' एवढं पुरत नाही. भाड्याची पावती देणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि चाळीतली माणसं या पावत्या दागिन्यांच्या डब्यात का ठेवतात ते इथे कळतं.

म्हणून घर विकल्याची कुणकुण लागली, की आधी आपल्या कागदावर भाडेपट्टा आहे की लायसन्स ते बघावं. नव्या माणसाला भाडं देण्याआधी खरेदीखताची प्रत किंवा त्याच्या नोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स टू, मागावा, जुन्या मालकाचं पत्र घ्यावं, आणि पैसे बँकेतूनच द्यावेत. डिपॉझिट कोण परत करणार, हे तिघांच्या सहीने लिहून घ्यावं. लायसन्स असेल तर नव्या मालकाशी नवा करार नोंदवून घ्यावा. आणि पुढच्या वेळी एजंटने करार पुढे केला, की त्यात एक वाक्य घालायला सांगावं: मुदतीत घर विकलं, तर मालकाने किती दिवस आधी कळवायचं आणि काय भरून द्यायचं. लायसन्सधारकाला कायदा घराशी बांधून देत नाही. जुन्या मालकाला शब्दाशी बांधणं मात्र सही करण्याआधी त्याच्या हातात असतं.