१० बाय १२ च्या खोलीत किती वॉटचं होम थिएटर लागतं? घेण्याआधी हे तपासा

सेलमध्ये ४३ इंची टीव्ही घेतला. भिंतीवर बसवला, चित्र एकदम कडक. पहिल्याच रविवारी सगळं घर पिक्चर बघायला बसलं आणि दहाव्या मिनिटाला आजी म्हणाल्या, "काय बोलतायत काही कळत नाही." आवाज २० वरून ३५ वर नेला. संवाद कसेबसे ऐकू यायला लागले, तेवढ्यात फायटिंग सुरू झाली आणि आवाज कमी करायला रिमोटची शोधाशोध. मग पुन्हा संवाद, पुन्हा रिमोट.

हा प्रकार आज घरोघरी चालतो. उपाय म्हणून लोक होम थिएटर बघायला लागतात आणि बॉक्सवरच्या वॉटच्या आकड्यावर निवड करतात. ३०० पेक्षा ५०० बरा, ५०० पेक्षा १००० बरा. पण लहान खोलीत या आकड्याला फारसा अर्थ नसतो. आजींना संवाद कळणार की नाही, हे वेगळ्याच गोष्टींवर ठरतं.

नव्या टीव्हीचा आवाज असा का येतो?

जुना डबा टीव्ही आठवा. त्याच्या पोटात भरपूर जागा होती आणि स्पीकर बहुतेक वेळा समोर, म्हणजे बघणाऱ्याकडे तोंड करून असायचे. आताचा टीव्ही जेमतेम दोन-तीन इंच जाडीचा. त्यातले छोटे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग तुमच्यापर्यंत येतो.

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. बोलण्यातले स, श, फ, त असे उच्चार स्पष्ट कळायला वरच्या पट्टीतले, म्हणजे ढोबळमानाने २,००० ते ८,००० हर्ट्झमधले आवाज नीट पोहोचावे लागतात. हे आवाज सरळ रेषेत जातात. स्पीकरचं तोंड दुसरीकडे असेल, तर तेच आधी हरवतात. त्यात वय वाढलं की माणसाची ऐकण्याची क्षमताही याच वरच्या पट्टीत आधी कमी होते. म्हणून घरात पहिली तक्रार आजी-आजोबांची येते. त्यांना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत.

दुसरं कारण पिक्चरमध्येच आहे. सिनेमाचा आवाज बऱ्याचदा ५.१ म्हणजे सहा वाटांमध्ये बनवलेला असतो. त्यात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्हीकडे दोनच स्पीकर, त्यामुळे संवाद, संगीत आणि स्फोट सगळं त्या दोघांतूनच बाहेर पडतं.

मग जास्त वॉट घेतले तर?

थोडा हिशोब करा. साधारण स्पीकरला १ वॉट दिला, तर एक मीटरवर सुमारे ८६ डेसिबल आवाज मिळतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे दोन मीटरवर ८० डेसिबल. बंद खोलीत भिंतींमुळे तो याहून थोडा कमीच उतरतो. दोन माणसांचं नेहमीचं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. लहान खोलीत टीव्ही आणि सोफा यांत दोन-अडीच मीटरच अंतर असतं. म्हणजे नेहमीच्या आवाजात बघताना प्रत्येक स्पीकरला एक वॉटसुद्धा लागत नाही.

वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला १० डेसिबल वाढावे लागतात आणि त्यासाठी दहापट वॉट लागतात. स्फोटांचे प्रसंग आणि बेससाठी जास्त ताकद लागते हे खरं. तरीही १० बाय १२ च्या खोलीत प्रत्येक स्पीकरमागे खरे २०-३० वॉट आणि वूफरला त्याहून थोडे जास्त एवढं पुष्कळ झालं.

इथे "खरे" हा शब्द महत्त्वाचा. बॉक्सवर 'पीएमपीओ' लिहिलेला आकडा असेल तर तो सोडून द्या. तो क्षणभराच्या कमाल ताकदीच्या नावाखाली फुगवलेला असतो. 'आरएमएस' म्हणजे सतत देता येणारी ताकद, ती बघा. अजून एक सोपी युक्ती आहे. साऊंडबारला अडॅप्टर असेल, तर त्यावरची बारीक अक्षरं वाचा. १८ व्होल्ट, ३ अँपिअर लिहिलं असेल, तर १८ गुणिले ३ म्हणजे ५४ वॉट. आत ५४ वॉट जात असताना बाहेर सतत ३०० वॉट येणं शक्यच नाही.

५.१ घ्यायचं की २.१?

पहिला आकडा स्पीकरच्या वाटांचा, दुसरा वूफरचा. २.१ म्हणजे डावा, उजवा आणि एक वूफर. ३.१ मध्ये संवादांसाठी मधला स्पीकर वाढतो. ५.१ मध्ये मागचे दोन येतात.

५.१ चा खरा परिणाम मिळायला हे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे हवेत. लहान खोलीत सोफा किंवा दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला असतो. मागे जागाच नाही. मग एक स्पीकर कपाटावर जातो, दुसरा खिडकीत, आणि एकाची वायर केर काढताना सारखी निघते. काही महिन्यांत दोन्ही बंद. सोफ्यामागे किंवा दोन्ही बाजूंना दोन-तीन फूट जागा नसेल, तर मागच्या स्पीकरचे पैसे वाचवून ते चांगल्या ३.१ किंवा २.१ वर लावलेले बरे.

'वायरलेस' शब्दालाही फसू नका. वायरलेस वूफरला प्लग लागतोच. स्वस्त सेटमध्ये मागचे स्पीकर अनेकदा वूफरला वायरनेच जोडावे लागतात.

सगळ्यात मोठी फसगत वेगळीच आहे. काही स्वस्त सेटमध्ये पाच स्पीकर आणि वूफर असतात, बॉक्सवर ५.१ लिहिलेलं असतं, पण जोडायला फक्त ब्लूटूथ, ऑक्स आणि पेन ड्राइव्ह. या वाटांनी टीव्हीकडून आवाज दोनच भागांत येतो. सेट तोच पाचही स्पीकरमध्ये वाटून देतो. पिक्चरमध्ये मागून येणारी गाडी मागून ऐकू यायची, तर सेटमध्ये डॉल्बी डिजिटलसारखा डीकोडर हवा आणि एचडीएमआय किंवा ऑप्टिकलची सोयही हवी. दुकानदाराला नेमकं हेच विचारा.

अ‍ॅटमॉसचं काय?

डॉल्बी अ‍ॅटमॉस २०१२ मध्ये 'ब्रेव्ह' या सिनेमापासून थिएटरात आलं. यात आवाज डोक्यावरूनही येतो. घरच्या सेटमध्ये त्यासाठी वर तोंड केलेले स्पीकर असतात. ते आवाज छतावर मारतात आणि तो खाली परत येतो. म्हणजे छत सपाट आणि कडक हवं. उतरत्या पत्र्याच्या किंवा कौलारू घरात याचा उपयोग नाही. बऱ्याच स्वस्त साऊंडबारमध्ये तर वरचे स्पीकरच नसतात, फक्त सॉफ्टवेअरने तसा भास तयार करतात. बजेट कमी असेल तर अ‍ॅटमॉसच्या नावासाठी जास्त पैसे मोजू नका.

टीव्हीला जोडायचं कशाने?

टीव्हीच्या मागे एका एचडीएमआय पोर्टवर 'एआरसी' किंवा 'ई-एआरसी' लिहिलेलं असतं. त्यातून जोडलं की टीव्हीच्या रिमोटनेच साऊंडबारचा आवाज कमी-जास्त होतो. घरातल्या मोठ्यांसाठी ही सोय फार मोठी आहे. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे, त्यामुळे थोड्या जुन्या टीव्हीतही ते सापडतं. ते नसेल तर ऑप्टिकल वायर. तीही साधं ५.१ नेते.

ब्लूटूथ शेवटचा पर्याय ठेवा. त्यात आवाज थोडा उशिरा पोहोचतो, त्यामुळे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. गाण्यांना चालतं, पिक्चरला नाही.

खोलीचाही आवाज असतो

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. १० फूट अंतराच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा आवाज अडकून घुमतो, १२ फुटांत ४७ हर्ट्झचा. छतही १० फुटांवर असेल, तर ५६ हर्ट्झचं घुमणं आणखी वाढतं. म्हणून लहान खोलीत मोठा वूफर लावला की काही ठिकाणी नुसती घुमघुम आणि काही ठिकाणी बेस गायब, असं होतं.

यावर फुकटचा उपाय आहे. वूफर थोडा वेळ तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ओळखीचं बेसचं गाणं लावा आणि खोलीत खाली वाकून कडेकडेने फिरा. जिथे बेस एकसारखा आणि स्पष्ट वाटेल, ती वूफरची जागा. कोपरा शक्यतो टाळा, तिथे बेस फुगतो.

मग खोलीत एक टाळी वाजवून बघा. झणझणीत प्रतिध्वनी आला, तर फरशी आणि रिकाम्या भिंती संवाद बिघडवतायत. सतरंजी, जाड पडदे, गाद्या, पुस्तकांचं कपाट यांनी फरक पडतो. घुमणारा बेस मात्र पडद्यांनी थांबत नाही.

आणि शेजारी?

बेस भिंतीतूनही आरपार जातो. तुमच्याकडे संवाद चालू असतात आणि शेजारच्यांना फक्त धाडधाड ऐकू येते. वूफर थेट फरशीवर असेल, तर हादरे खालच्या मजल्याच्या छतात उतरतात. त्याखाली जाड रबरी मॅट घाला.

हा फक्त शेजारधर्माचा प्रश्न नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. खासगी साऊंड सिस्टिमचा आवाज तुमच्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. म्हणून ज्यात 'नाइट मोड' आहे असा सेट बघा. तो स्फोट दाबतो, हळू बोलणं वर आणतो आणि रिमोटची पळापळही थांबवतो.

थोडक्यात, कुणी काय घ्यावं?

बजेट ५ ते ८ हजार असेल, तर एचडीएमआय एआरसी असलेला २.१ साऊंडबार. एक-दोघंच बघणारे असतील, तर आतच अँप्लिफायर असलेली दोन स्पीकरची जोडीही उत्तम. मधोमध बसलं की संवाद बरोबर पडद्यातून आल्यासारखे वाटतात.

१० ते १५ हजार असतील आणि घरात पाच-सहा जण खोलीभर पसरून बसत असतील, तर मधला स्पीकर असलेला ३.१ शोधा. न मिळाल्यास 'व्हॉइस मोड' आणि 'नाइट मोड' दोन्ही असलेला २.१.

त्याहून जास्त खर्च करायची तयारी असेल आणि बसायच्या जागेमागे किंवा बाजूंना मोकळी जागा असेल, तरच डीकोडर असलेलं ५.१.

पण एक रुपयाही खर्च करण्याआधी टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये जाऊन 'क्लिअर व्हॉइस' किंवा तशा नावाचा पर्याय सुरू करून बघा. काहींचं काम तिथेच होतं.

नाही झालं, तर पुण्याच्या तपकीर गल्लीत जा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा किंवा गावातल्या दुकानात. दुकानदार डेमोला धमाकेदार गाणं लावेल. त्याला थांबवा. मोबाइलवर एखाद्या पिक्चरमधला हळू आवाजातला संवादाचा प्रसंग घेऊन जा आणि तो कमी आवाजात लावायला सांगा. शक्य असेल तर आजींनाही सोबत न्या. त्यांना प्रत्येक शब्द कळला, की बॉक्सवर किती वॉट लिहिलेत ते बघायची गरज नाही.